हाताला वळण, तेलाला पाक

केरळातल्या त्रिशूर जिल्ह्यात, भारतपुळा नदीकाठी, चेरुतुरुत्ती नावाचं गाव आहे. कवी वळ्ळत्तोळ यांनी 1930 साली सुरू केलेलं कलामंडलम् पुढे इथंच स्थिरावलं. इथं कथकली शिकणाऱ्या मुलांचं ऐन पावसाळ्यात अंगभर तेल लावून मर्दन होतं. मुलगा जमिनीवर पालथा पडतो आणि गुरुजी आधाराला वरची दांडी धरून पायांनी त्याची पाठ नि मांड्या रगडतात. यात औषधोपचार नाही. अंग नाचण्याजोगं लवचीक व्हावं एवढाच हेतू. त्याच गावात केंद्र सरकारची पंचकर्माला वाहिलेली संशोधन संस्था आहे आणि तिथं पंचकर्म तंत्रज्ञाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो. एका गावात मर्दनाच्या दोन शाळा!

अशा शाळा आपल्याकडेही होत्या, फक्त त्यांच्या दारावर पाटी नव्हती. तालमीत नवं पोरगं थोरल्या पैलवानाचं अंग चोळता चोळताच शिकायचं. बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणारी बाई आईच्या नाहीतर सासूच्या हाताखाली तयार व्हायची. शेक कधी, धुरी किती, बाळाची टाळू कशी भरायची, हे तिला कुणी वहीत लिहून दिलं नव्हतं. आता पंचकर्म केंद्रं आणि रिसॉर्टं वाढली, तसा हाच हुन्नर नोकरीचा झाला. नोकरी म्हटली की प्रमाणपत्र आलं, आणि प्रमाणपत्राबरोबर थोडा गोंधळही.

बारावीनंतर ‘आयुर्वेदिक मसाज आणि जडीबुटी’ शिकायचं म्हणणाऱ्याने आधी हे समजून घ्यावं, की इथं वाटा दोन आहेत. एक वैद्याची. त्यासाठी नीट परीक्षा, मग बीएएमएस: साडेचार वर्षं शिक्षण आणि वर्षभर इंटर्नशिप. पुण्याचं 1933 सालचं टिळक आयुर्वेद महाविद्यालय, वरळीचं पोदार, गोव्यात शिरोड्याचं गोमंतक आयुर्वेद महाविद्यालय ही आपल्या ओळखीची ठिकाणं. पेडण्यात धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं केंद्रही 2022 पासून उभं आहे. दुसरी वाट थेरपिस्टची. हे प्रशिक्षण काही महिन्यांचं किंवा वर्षभराचं असतं. कोणतं तेल, किती दिवस, बस्ती (औषधी एनिमा) द्यायचा की नाही, हे वैद्य ठरवतो. हात चालतात ते थेरपिस्टचे. आठवडाभरात ‘मास्टर’ करून देतो म्हणणाऱ्या जाहिरातींच्या नादी लागू नये. आठवड्यात फार तर तेल न सांडता लावायला येतं.

खरं काम कसं चालतं ते केरळी पद्धतीच्या अभ्यंगात पाहावं. लाकडी द्रोणीच्या दोन बाजूंना दोघं उभे राहतात. रुग्ण आधी बसलेला, मग उताणा, एका कुशीवर, पालथा, दुसऱ्या कुशीवर, पुन्हा उताणा आणि शेवटी परत बसलेला, अशा सात स्थिती. हातापायांवर लांब हात फिरतो, सांध्यांवर गोल, पोटावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं. दोघांचे हात एकाच वेळी खांद्यावरून निघून एकाच वेळी मनगटाशी पोचले पाहिजेत, दाबही सारखा हवा. नवशिक्यांची जोडी असली की एकाचा हात कोपराशी असतो नि दुसऱ्याचा बोटांपर्यंत गेलेला असतो. रुग्णाला डोळे मिटूनही ते कळतं. तेल कोमट आहे की नाही ते आधी स्वतःच्या मनगटावर बघायचं, आणि हात शक्यतो अंगावरून सुटू द्यायचा नाही. या सवयी अंगवळणी पडायला महिने जातात.

माझ्या मते या शिक्षणात सगळ्यांत मोलाचा धडा ‘आज मालिश नको’ असं सांगण्याचा आहे. अपचन झालंय, कफ दाटलाय, नुकतंच वमन-विरेचन (ओकारी-जुलाबानं शोधन) झालंय, अशांना अभ्यंग वर्ज्य असल्याचं जुना आयुर्वेद ग्रंथकार वाग्भट यानं सांगून ठेवलंय. त्यात आजच्या थेरपिस्टनं आणखी एक गोष्ट पाठ करायला हवी. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर तिला हातही लावायचा नाही, रुग्णाला डॉक्टरकडे धाडायचं. आत रक्ताची गुठळी असली आणि ती चोळण्यानं सुटून फुप्फुसात गेली, तर जिवावर बेततं. पैसे भरून आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवणं मालकाला रुचत नाही. म्हणूनच हे शिकवणारी जागा नीट पारखून घ्यावी लागते.

वनौषधींचं शिक्षण सुरू होतं पाटा-वरवंटा नि कढईपाशी. तेलाचं ठोकळ प्रमाण असं: वाटलेल्या औषधाचा कल्क एक भाग, तेल चार भाग, काढा किंवा दुसरा द्रव सोळा भाग. मंद आचेवर पाणी आटत जातं. पाक झाला का, हे घड्याळ सांगत नाही. कल्क चिमटीत घेऊन वळायचा. त्याची वात वळली आणि ती विस्तवावर टाकल्यावर तडतडली नाही, तर पाणी संपलं. तेल सिद्ध होताना फेस येतो, तूप सिद्ध होताना आलेला फेस बसतो. अभ्यंगाच्या तेलाला खरपाक, म्हणजे कडक पाक चालतो, नाकात घालायच्या तेलाला मृदू हवा. क्षीरबला तेल तर 101 वेळा सिद्ध करायचीही पद्धत आहे. त्यातली बला म्हणजे आपल्या बांधावरची चिकणा.

ओळख पटवणं त्याहून अवघड. दशमुळातली सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी, गोखरू ही लहान झाडं मुळासकट उपटता येतात. बेल, शिवण, टेटू, ऐरण, पाडळ हे मात्र वृक्ष. त्यांचं मूळ काढायचं तर झाडच जातं, म्हणून बाजारात साल येते. अशोकाच्या सालीच्या नावाखाली रस्त्याकडेच्या उंच, सरळसोट ‘अशोका’ची सालही खपवली जाते. दुकानदाराच्या चिठ्ठीवर विसंबणाऱ्याला हा फरक कधीच शिकता येत नाही.

तेल करता आलं म्हणून ते बाटलीत भरून विकता येत नाही. विक्रीसाठी औषध बनवायचं तर 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो, आणि हमखास गुणाच्या जाहिरातींना 1954 चा कायदा आडवा येतो. परदेशी जाणाऱ्यांनी तिथले नियम आधी वाचावेत. जर्मनीत 1939 च्या कायद्यानुसार डॉक्टर किंवा परवानाधारक हाइलप्राक्टिकर (डॉक्टर नसलेले पर्यायी उपचारक) यांनाच उपचार करता येतात. आपली बीएएमएस पदवी तिथं आपोआप चालत नाही.

मर्दनाचं हे काम कष्टाचं आहे. मनगट, अंगठा आणि कंबर आधी बोलू लागतात. जाणते थेरपिस्ट मनगटाच्या जोरावर चोळत नाहीत, पाय फाकवून उभे राहतात आणि अंगाचा भार हातात उतरवतात. बायकांना बायकांनीच आणि पुरुषांना पुरुषांनीच उपचार द्यायचे असा दंडक असल्यानं शिकलेल्या मुलींना मागणी चांगली आहे. फी भरण्याआधी मात्र चार प्रश्न विचारावेत: इथं वैद्य रोज हजर असतात का, खऱ्या रुग्णांवर सराव किती, रात्री मुक्कामी असलेले रुग्ण किती, आणि औषधं बनवायची रसशाळा असेल तर पाकाच्या दिवशी विद्यार्थ्यांना कढईजवळ उभं राहू देतात का.