लेखणी हट्टाला पेटली तर...



'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण आपल्याला ठाऊक आहेच. स्वतःला जमत नाही म्हणून भलत्यालाच दोष देणाऱ्याला ती ऐकवतात. पण लॅपटॉपच्या पडद्यावर पेनाने लिहिणाऱ्या मुलाला ही म्हण ऐकवण्याआधी जरा थांबा. तिथे पुष्कळदा अंगण खरोखरच वाकडे असते! शिरोरेघ सरळ काढावी तर ती नागमोडी उमटते. अनुस्वार द्यावा तर तो दिसतच नाही. 'क'ची गाठ मधेच तुटते. आईबाबांना वाटते, अक्षर बिघडले. मुलाला वाटते, आपल्याला मराठी लिहिताच येत नाही. आणि खरा अपराधी असतो पेन, चार्जर, नाहीतर पडद्यावर चिकटवलेली काच.

हा प्रश्न सिंगापुरात घरोघरी का आला, ते थोडक्यात पाहू. शिक्षण मंत्रालयाने मार्च २०२० मध्ये राष्ट्रीय डिजिटल साक्षरता कार्यक्रम जाहीर केला आणि २०२१ च्या अखेरपर्यंत माध्यमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या हाती स्वतःचे उपकरण आले. कुणाकडे टॅब्लेट, कुणाकडे क्रोमबुक, कुणाकडे विंडोजचा लॅपटॉप. यांतल्या बऱ्याच पडद्यांवर पेनाने लिहिता येते. साहजिकच मराठीचा कित्ताही मुले आता त्यावर गिरवू लागली आहेत.

यात आपल्या मुलांची एक वेगळी अडचण आहे. इथल्या शाळांत तमिळखेरीज हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू या भारतीय भाषा घेता येतात. मराठी त्यांत नाही. म्हणजे मराठी अक्षराला वळण लागायचे ते आठवड्याच्या वर्गात आणि घरच्या कित्त्यावर. तेवढा वेळही पेनाशी भांडण्यात गेला, तर मूल कंटाळून कीबोर्डकडे वळते. कीबोर्ड वाईट नाही. पण तो जोडाक्षर आयते हाती देतो. 'क्ष' आणि 'ज्ञ' कुठून सुरू होतात आणि कुठे वळतात, हे हाताने लिहिल्याशिवाय हाताला कळत नाही. म्हणून पेनाचे दुखणे वेळीच ओळखायला हवे.

पेन लिहिते कसे?

शाईच्या पेनातून शाई उतरते. पडद्याच्या पेनातून काहीच उतरत नाही. ते फक्त 'मी इथे आहे' असे सांगते. पडद्याच्या काचेखाली अतिशय बारीक, पारदर्शक तारांची उभी-आडवी जाळी असते, अगदी गणिताच्या चौकटीच्या वहीसारखी. पेनाच्या टोकातून एक क्षीण विद्युत संकेत निघतो. कोणत्या तारेला तो जास्त जाणवला आणि शेजारच्या तारेला किती कमी, यावरून लॅपटॉप टोकाची जागा हिशेबाने काढतो. एका सेकंदात असे शंभराहून अधिक हिशेब होतात आणि ते सगळे बिंदू जोडून रेघ बनते.

आता लक्षात येईल की रेघ बिघडण्याच्या जागा तीनच आहेत. एक, पेनाचा आवाजच क्षीण असेल. दोन, मधे दुसराच गोंगाट होत असेल. तीन, ऐकणाऱ्याचा हिशेब चुकत असेल. पुढचे सगळे उपाय या तीन गोष्टींभोवतीच फिरतात.

काही पेनांत मात्र बॅटरीच नसते. पडद्यामागची पट्टी चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, पेनातले वेटोळे त्यातूनच शक्ती घेते आणि उत्तर पाठवते. जपानच्या वॅकॉम कंपनीने हा प्रकार लोकप्रिय केला. सॅमसंगची पेनेही याच पद्धतीवर चालतात.

पेनांच्या बोली

सिंगापूरच्या चार अधिकृत भाषा आहेत: इंग्रजी, मलय, मँडरिन आणि तमिळ. महत्त्वाच्या सूचना चारही भाषांत दिल्या जातात. पेन मात्र इतके उदार नसते. बहुतेक पेनांना एकच बोली येते आणि पडद्यालाही तीच कळावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या सरफेससारख्या यंत्रांची बोली 'एमपीपी', बऱ्याच क्रोमबुकांची 'यूएसआय', वॅकॉमच्या बोली आणखी निराळ्या, आणि ॲपल पेन्सिल फक्त आयपॅडशीच बोलते. तिथेही कोणत्या आयपॅडला कोणती पेन्सिल चालते ते ठरलेले असते.

म्हणून 'सर्व लॅपटॉपना चालते' असे वेष्टनावर वाचून पेन विकत घेऊ नका. आधी लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बोलीचे नाव शोधा आणि मगच सिम लिम स्क्वेअरची वाट धरा. रबरी टोकाचे स्वस्त पेन बहुतेक स्पर्शपडद्यांवर चालते हे खरे, पण ते पेन नव्हेच. पडदा त्याला बोट समजतो. त्याने बारीक अक्षर येणार नाही आणि हात टेकवून लिहिताही येणार नाही.

आधी परीक्षा, मग उपचार

वैद्य नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही. पेनाची नाडी पाहायला आपली देवनागरी फार उपयोगी आहे.

१. पट्टीची परीक्षा. पडद्यावर प्लास्टिकची पट्टी ठेवा आणि तिच्या कडेने एक तिरपी रेघ अगदी सावकाश काढा. पाच-सहा सेकंद लागू द्या. मग तशीच रेघ झरकन काढा. पट्टी असूनही सावकाश काढलेली रेघ नागमोडी आली, तर दोष हाताचा नाही. लाटा सारख्या अंतरावर असतील, तर तारांच्या जाळीमधला हिशेब कमी पडतो आहे. लाटा वेड्यावाकड्या असतील, तर विजेचा गोंगाट असण्याचा संभव अधिक. पट्टीने रेघ सरळ आणि पट्टीशिवाय वाकडी आली, तर मात्र मंडळी, सराव वाढवायला हवा!

२. अनुस्वाराची परीक्षा. 'आंबा', 'चंदन', 'मंगल', 'पतंग' असे वीस शब्द लिहा आणि अनुस्वार नेहमीसारखे अलगद द्या. मग मोजा. काही गळाले असतील, तर टोक दाब नीट ओळखत नाही.

३. शिरोरेघेची परीक्षा. पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांब रेघ ओढा. ती नेहमी एकाच जागी तुटत असेल, तर दोष पडद्याचा. कुठेही तुटत असेल, तर पेनाचा.

४. हाताची परीक्षा. तळहात टेकवून एक ओळ लिहा, मग तीच ओळ हात अधांतरी धरून लिहा. हात टेकल्यावरच ठिपके आणि रेघोट्या उमटत असतील, तर पडदा तळहातालाही पेन किंवा बोट समजतो आहे.

या चारही परीक्षा दोन वेगवेगळ्या कार्यक्रमांत करा. एकाच कार्यक्रमात बिघाड दिसला, तर पेन निर्दोष आहे. तो कार्यक्रम अद्ययावत करा.

उपाय: स्वस्तापासून महागाकडे

एका वेळी एकच बदल करा आणि परीक्षा पुन्हा घ्या. पाच गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला हे कळत नाही.

चार्जर काढा. हा उपाय फुकटचा आहे आणि आश्चर्य वाटावे इतक्यांदा लागू पडतो. बॅटरीवर रेघ सरळ आली, तर गोंगाट विजेच्या बाजूने येत होता. भारतातून येणाऱ्या कुटुंबांनी इथे विशेष लक्ष द्यावे. दोन्ही देशांत वीज २३० व्होल्टचीच असते, त्यामुळे तिकडचा चार्जर इथे बिनतक्रार चालतो. पण तिकडची गोल पिन इथल्या चौकोनी भोकात बसावी म्हणून आपण जो छोटा ॲडॉप्टर लावतो, त्यात पुष्कळदा तिसऱ्या पिनेची, म्हणजे अर्थिंगची, जोडणीच नसते. मग जो गोंगाट जमिनीत जायचा तो लॅपटॉपच्या अंगात फिरतो. कधी कधी धातूच्या लॅपटॉपवर हात फिरवताना बारीक झिणझिण्या जाणवतात, त्याचे कारणही बहुधा हेच. लॅपटॉपच्या कंपनीचाच, इथल्या तीन पिनांचा चार्जर वापरा आणि त्यावर सिंगापूरचे सुरक्षाचिन्ह आहे का ते पाहा. प्लग उघडून स्वतः तारा जोडायला मात्र जाऊ नका.

पुसा. इथल्या हवेतली आर्द्रता वर्षभराच्या सरासरीने ८० टक्क्यांच्या वर असते. तळहाताचा घाम पडद्यावर पसरतो आणि पाण्याचा पातळ थर पडद्याला बोटासारखाच वाटतो. गार वातानुकूलित खोलीतला लॅपटॉप एकदम व्हरांड्यात आणला की त्यावर दवही धरते. अशा वेळी यंत्र बंद करून मऊ, कोरड्या कापडाने पुसावे आणि दहा-पंधरा मिनिटे तसेच ठेवावे. पडद्यावर थेट फवारा मारू नये.

पुन्हा सुरू करा. विंडोजमध्ये 'शट डाउन' आणि 'रीस्टार्ट' यांत फरक आहे. यंत्र लवकर उघडावे म्हणून 'शट डाउन' करताना आतली काही स्थिती बऱ्याचदा जपून ठेवली जाते; 'रीस्टार्ट' केल्यावर सगळे नव्याने सुरू होते. म्हणून बिघाडाच्या वेळी 'रीस्टार्ट' करा. प्रलंबित अपडेटही त्याच वेळी उरकून घ्या.

टोक आणि बॅटरी पाहा. ॲपल पेन्सिलचे टोक मळसूत्रासारखे फिरवून घट्ट करता येते आणि सैल टोक हे तुटक रेघेचे नेहमीचे कारण आहे. इतर बऱ्याच पेनांचे टोक छोट्या चिमट्याने ओढून बदलता येते. टोक एका बाजूने घासून सपाट झाले असेल, तर नवे घाला. टाकाची निब झिजली की आजोबा नवी घालायचे, तसेच हे. काही पेनांत 'एएएए', म्हणजे चार 'ए'ची, सडपातळ बॅटरी लागते. रिमोटमधली तीन 'ए'ची त्यात बसत नाही. बॅटरी उतरू लागली की पेन एकदम बंद न पडता आधी रेघा तोडू लागते.

शेजारी काय आहे? बिनबॅटरीच्या पेनाला चुंबकाचे वावडे असते. चुंबकाने मिटणारे कव्हर, स्पीकर किंवा लॅपटॉपखाली ठेवलेला फोन बाजूला करून पाहा. पडद्यावर जाड संरक्षक काच असेल, तर संकेत क्षीण होतो आणि टोक व शाई यांत अंतर दिसते.

हाताची नोंद करा. विंडोजच्या पेन-सेटिंगमध्ये आपण कोणत्या हाताने लिहितो ते सांगता येते. डावखुऱ्या मुलांनी हे अवश्य बदलावे. पेन वापरताना बोटांच्या स्पर्शाकडे दुर्लक्ष करण्याचीही सोय तिथेच असते.

कॅलिब्रेशन सर्वांत शेवटी. टोक एकीकडे आणि शाई दुसरीकडे, आणि तेही सगळ्या पडद्यावर सारख्याच अंतराने, असे असेल तरच हे करावे. विंडोजच्या कंट्रोल पॅनलमधल्या 'टॅब्लेट पीसी सेटिंग्ज'मध्ये ते सापडते. नेहमी जसे बसतो आणि पेन जसे धरतो, तसेच धरून खुणांवर टेकवावे. फरक फक्त कडांपाशी असेल, तर कॅलिब्रेशनने मधला भागही बिघडू शकतो. तसे झालेच तर तिथले 'रीसेट' बटण दाबा.

एक गैरसमजही दूर करू. ब्लूटूथ जुळत नाही म्हणून पेन लिहीत नाही, असे अनेकांना वाटते. विंडोजच्या बहुतेक पेनांत ब्लूटूथ लागते ते वरच्या बटणापुरते. लिहिण्याचा त्याच्याशी संबंध नसतो. ॲपल पेन्सिलला मात्र आयपॅडशी जोडणी करावीच लागते.

एवढे करूनही जमले नाही तर?

पेन टोकावर पडले असेल, तर आतला दाबमापक तुटलेला असू शकतो. पडद्याला न टेकवताच रेघ उमटणे ही त्याची खूण. ते घरी दुरुस्त होत नाही. त्याच बोलीचे दुसरे पेन कुणाकडून तरी मागून पाहा. त्याने अक्षर चांगले आले, तर नवे पेन घ्या. त्यानेही नाही आले, तर दोष लॅपटॉपचा.

लॅपटॉप शाळेमार्फत घेतलेला असेल, तर आधी शाळेच्या तांत्रिक मदतकक्षाकडे जा. अशा यंत्रांवर शाळेची देखरेख-प्रणाली असते आणि काही सेटिंग बदलताच येत नाहीत. त्याबद्दल मुलाला रागावू नका. दुकानातून घेतला असेल, तर इथला 'लेमन लॉ' लक्षात ठेवा. १ सप्टेंबर २०१२ पासून तो लागू आहे. वस्तू हाती आल्यापासून सहा महिन्यांत दोष दिसला, तर तो मुळातच होता असे धरले जाते; तसे नव्हते हे सिद्ध करणे विक्रेत्याचे काम. दुरुस्ती किंवा बदली मागता येते आणि तेही जमत नसेल तर किंमत कमी करून किंवा पैसे परत मागता येतात. हातून पडून झालेले नुकसान मात्र त्यात येत नाही. आपल्या चार परीक्षांची पाने जपून ठेवलीत, तर दुकानात बोलणे सोपे जाते.

गृहपाठ

पुढच्या वर्गाला येताना प्रत्येकाने चारही परीक्षांचे निकाल वहीत लिहून आणावेत. पट्टीच्या दोन रेघा, अनुस्वारांची मोजणी, शिरोरेघ कुठे तुटली ते, आणि हात टेकल्यावर काय झाले ते. चार्जर लावून एकदा आणि काढून एकदा असे दोन्ही निकाल आणावेत. ही नोंद मात्र कागदावर, साध्या पेन्सिलीने करावी. तिला चार्जर लागत नाही! आणि पालकहो, मुलाच्या अक्षराबद्दल बोलायचे असेल, तर त्या कागदावरचे अक्षर पाहून बोला.

शब्दार्थ

कित्ता: गिरवण्यासाठी दिलेले सुंदर अक्षर
टाक: दौतीत बुडवून लिहिण्याची निबाची लेखणी
नागमोडी: सापाच्या चालीसारखी वळणावळणांची
वावडे: न मानवणारी, त्रास देणारी गोष्ट
डावखुरा: डाव्या हाताने कामे करणारा