बिदअत

इस्लामी धर्मशास्त्रातील एक संज्ञा. पूर्वीचा नमुना नसताना नव्याने निर्माण केलेली गोष्ट, हा या अरबी शब्दाचा मूळ अर्थ. पैगंबर मुहंमद (सु. ५७०–६३२) यांची उक्ती, कृती व मूक संमती यांस ‘सुन्ना’ (सुन्नत) म्हणतात. सुन्नेचा आधार नसलेली भर धर्मात, विशेषतः उपासनेत, घालणे म्हणजे बिदअत होय. प्रत्येक बिदअत ही पथभ्रष्टता आहे, अशा आशयाचे पैगंबरवचन हदीससंग्रहांत आढळते. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी रद्द ठरविलेल्या ‘तलाक-ए-बिद्दत’ या प्रथेच्या नावातही हाच शब्द आहे.

पैगंबरांनी जे केले नाही ते सर्व निषिद्ध मानावे काय, हा यातील मूळ प्रश्न होय. रमजानमधील तरावीहची नमाज एका इमामामागे नियमितपणे पढण्याची व्यवस्था दुसरे खलीफा उमर (कार. ६३४–६४४) यांनी लावली आणि तिला ‘चांगली बिदअत’ म्हटले, असे हदीसमध्ये नमूद आहे. इमाम शाफिई (७६७–८२०) यांनी बिदअतीचे स्तुत्य व निंद्य असे दोन प्रकार मानले. उलट, इब्न तैमिया (१२६३–१३२८) यांच्या मते पैगंबरांनी काही रात्री ही नमाज स्वतः पढविली होती. त्यामुळे उमर यांनी तो शब्द केवळ भाषिक अर्थाने योजिला. कुराणाची छपाई वा ध्वनिवर्धक ही मात्र साधने होत. ती उपासनेतील भर नव्हेत, असे सामान्यतः मानले जाते.

सोलापुरात मोहरमच्या काळात पंजे बसवितात व त्यांच्या मिरवणुका निघतात. त्यांत हिंदूही सहभागी होतात. महाराष्ट्रात अनेक दर्ग्यांत उरूस व संदल होतात. अहले हदीस पंथीय अशा आचारांना बिदअत मानतात. देवबंदी उलेमांचाही यांतील अनेक प्रथांना विरोध आहे. बरेलवी परंपरेचे प्रणेते अहमद रझा खान (१८५६–१९२१) यांनी मिलाद व उरूस यांचे समर्थन केले. मात्र ताबुतांची प्रचलित प्रथा आणि कबरीपुढील साष्टांग प्रणिपात त्यांनी निषिद्ध ठरविले. म्हणजे परंपरेच्या समर्थकांनीही मर्यादा आखल्याच आहेत. सुन्नेचे अनुसरण दोन्ही पक्षांना मान्य आहे. वाद आहे तो सुन्नेच्या मौनाच्या अर्थाविषयी. एका पक्षाला त्यात उपासनेची शुद्धता पणाला लागलेली दिसते, तर दुसऱ्याला पिढ्यान्‌पिढ्यांची भक्ती. आणि असे आचार लोपल्यास हिंदु-मुसलमानांच्या सहजीवनाचे एक जुने स्थानही लोपते.