चित्रपटासाठी ध्वनिमुद्रकाची निवड

तिरोडा तालुक्यातील बोदलकसा जलाशयाच्या आसमंतात स्वतःच्या बळावर चित्रपट करू पाहणाऱ्याने यंत्र घेण्यापूर्वी, आपणांस टिपावयाचे काय, हे ठरविणे अगत्याचे होय. झाडीबोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ व ‘श’च्या जागी ‘स’ आढळतो. ‘स’ची ऊर्जा मुख्यत्वे ४,००० हर्ट्झच्या वर असते, म्हणूनच ३,४०० हर्ट्झपाशी थांबणाऱ्या जुन्या दूरध्वनीत ‘श-स’ हा भेद पुसट होई. सबब एमपी३सारखे संक्षेपित रूप वर्ज्य करून ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह हेच रूप स्वीकारावे. दोन मार्गिकांच्या अशा मुद्रणास ताशी सुमारे १ गिगाबाइट जागा लागते. तेवढ्यासाठी कृपणता नको.

खरा प्रश्न पूर्वप्रवर्धकाच्या स्वतःच्या खरखरीचा आहे. दंडारीच्या ढोलकीत ती लोपते; पाण्याकाठी वृद्धेच्या हलक्या बोलण्यात मात्र तीच प्रथम कानी येते. आधुनिक यंत्रांतील ३२ बिट चल-बिंदू मुद्रणामुळे पातळी चुकल्यास नंतर सावरता येते, हे खरे. तथापि मायक्रोफोनच ताणला गेला असल्यास त्याचा उपयोग नाही, आणि खरखर तर त्याने मुळीच घटत नाही. विक्रेते हे क्वचितच सांगतात.

स्टीफन कुडेल्स्की यांनी १९५१ मध्ये सिद्ध केलेल्या सुवाह्य यंत्रास ‘नाग्रा’, म्हणजे पोलिश भाषेत ‘मुद्रित करील’, असे नाव दिले. मुद्रित काय होणार, हे मात्र मायक्रोफोन कोठे ठेवला यावर अवलंबून असते. यंत्रातील अंगभूत मायक्रोफोनवर विसंबू नये. ४८ व्होल्टचा पुरवठा करणारी जोडणी यंत्रास असावी व मायक्रोफोन वक्त्याच्या मुखापासून वीत-दोन वितींवर धरावा.