तबकड्यांवरची सम

‘मला डीजे व्हायचं आहे’ असे मुलाने किंवा मुलीने जाहीर केले, की मराठी घरात थोडा वेळ कोणी काही बोलत नाही. कारण उघड आहे. आपल्याकडे ‘डीजे’ हे माणसाचे नाव राहिलेलेच नाही. ‘मिरवणुकीत डीजे लावला’ असे म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर असते ती ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत. खिडक्यांची तावदाने हादरवणारी ती भिंत आठवली, की आईवडिलांनी धसका घ्यावा हे साहजिकच आहे. पण डीजे म्हणजे डिस्क जॉकी, तबकड्या वाजवणारा माणूस. भिंत हे त्याचे वाद्य नव्हे. त्याचे खरे साधन म्हणजे कान, आणि बाकीची यंत्रे त्यानंतर येतात.

रेडिओवर तबकड्या लावून मधूनमधून श्रोत्यांशी बोलणाऱ्या निवेदकाला अमेरिकेत हे नाव पडले. त्या अर्थाने १९५२ पासून रेडिओ सिलोनवर ‘गीतमाला’ सादर करणारे अमीन सयानी हे आपल्या कित्येक पिढ्यांचे पहिले डिस्क जॉकी म्हणायला हरकत नाही. नाचणाऱ्यांसाठी वाजवणाऱ्या डीजेची गोष्ट मात्र वेगळी आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका इमारतीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी कूल हर्क या तरुणाने बहिणीच्या पार्टीत तबकड्या वाजवल्या. गाणे थांबून नुसता ताल उरतो त्या तुकड्यावर लोक अधिक रंगून नाचतात, हे हर्कच्या ध्यानात आले होते. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तो तेवढाच तुकडा आलटूनपालटून वाजवू लागला. पुढे ग्रँडमास्टर फ्लॅशने तबकडीवर खुणा करून आणि हेडफोनने आधी ऐकून या कामात नेमकेपणा आणला. हिपहॉप संगीताचा उगम याच खटपटीत आहे.

या कलेला हवे तसे यंत्र जपानमधून आले. टेक्निक्सचे एसएल-१२०० हे टर्नटेबल १९७२ मध्ये निघाले, ते घरी बसून संगीत ऐकणाऱ्यांसाठी. त्याची तबकडी पट्ट्याने न फिरता थेट मोटरवर फिरे, त्यामुळे ती हाताने थांबवून सोडली तरी पटकन वेग घेई. १९७९ च्या सुधारित आवृत्तीत वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करणारी सरकपट्टी बसवली गेली आणि जगभरच्या डीजेंनी हे यंत्र आपले मानले.

आज शिकणाऱ्याला दोन टर्नटेबल घेण्याची गरज नाही. साधारण लॅपटॉप, त्याला जोडायचा छोटा ‘कंट्रोलर’ आणि कान पूर्ण झाकणारा चांगला हेडफोन एवढ्यावर सुरुवात होते. सॉफ्टवेअर विकतच घ्यावे असेही नाही. ‘मिक्स’ नावाचे एक सॉफ्टवेअर मोफत मिळते. कंट्रोलरवर डावीकडे-उजवीकडे दोन चकत्या, म्हणजे जुन्या दोन तबकड्याच, आणि मध्ये मिक्सर असतो. प्रत्येक गाण्याचा आवाज ठरवणारी उभी सरकपट्टी, खर्ज, मध्य आणि तार यांची वेगवेगळी बटणे आणि एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारी आडवी पट्टी, एवढे ओळखले की निम्मी भीती जाते. विकत घेताना एक गोष्ट जरूर पाहावी: स्पीकरसाठी आणि हेडफोनसाठी आवाजाच्या दोन वेगळ्या वाटा हव्यात. लोक एक गाणे ऐकत असताना पुढचे गाणे फक्त स्वतःच्या कानात ऐकता आले नाही, तर जुळवणार काय? आणखी एक साधी शिस्त पाळावी. स्पीकर सर्वांत शेवटी सुरू करावेत आणि सर्वांत आधी बंद करावेत, म्हणजे त्यांना धक्का बसत नाही.

आता मुख्य भाग, लय. एका गाण्यात मिनिटाला १२० ठोके आणि दुसऱ्यात १२६ असतील, तर पहिले पाच टक्क्यांनी वाढवले की लय जुळते. हे गणित आज यंत्रही करते. पण समेवर कधी यायचे, हे माणसालाच ठरवावे लागते. नाचाच्या संगीतात बहुधा चार मात्रांची आठ आवर्तने, म्हणजे ३२ ठोके झाले की नवे वळण येते. पुढचे गाणे त्या वळणावर सुरू केले तर जोड कळत नाही, मध्येच घुसवले तर नाचणाऱ्याचे पाऊल अडखळते. दोन्ही गाण्यांचा खर्ज एकाच वेळी सोडला तर नुसता गलबला होतो. म्हणून एकाचा उतरवत दुसऱ्याचा चढवायचा. तबकडीचा वेग सहा टक्क्यांनी वाढवला, तर पांढरी एकचे गाणे जवळजवळ काळी एकमध्ये जाते आणि गायकाचा आवाज पातळ होतो. सॉफ्टवेअर पट्टी तशीच ठेवून वेग बदलू शकते, पण कानाला खटकले हे आधी कळावे तर लागते! जुन्या हिंदी गाण्यांत तर वादकांचा ताफा समोर बसून वाजवत असल्याने लय किंचित मागेपुढे होते, आणि तिथे यंत्राचे गणित हमखास चुकते. तबला किंवा पेटी थोडीफार शिकलेल्या मुलाला याचा फायदा होतो.

कान हेच भांडवल असल्यामुळे ते जपणे आले. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या हिशेबाने ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसावा. पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला उरतात जेमतेम पंधरा मिनिटे! आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. डीजेचा हेडफोन, समोरचा स्पीकर आणि रोजचे काही तास यांची बेरीज केली तर धोका ध्यानात येईल. तेव्हा कंट्रोलरबरोबरच कानात घालायचे संरक्षक बोळेही घ्यावेत. शेजाऱ्यांचेही कान आहेतच. भारतातील २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. व्यवसाय करू पाहणाऱ्याला हे आकडे पाठ हवेत.

तेव्हा मुलाने हट्ट धरला, तर ‘नाही’ म्हणण्याची घाई करू नये. मोठे स्पीकर आणून देण्याची तर मुळीच करू नये. महिना-दोन महिने त्याला हेडफोनवर सराव करू द्यावा. मग घरच्यांसमोर अर्धा तास सलग वाजवून दाखवायला सांगावे, तेही एकमेकांशी बोलता येईल इतक्याच आवाजात. आजीच्या आवडीचे एक गाणे त्यात असावे, अशी अट घालायलाही हरकत नाही. मोठ्या आवाजात पुष्कळ चुका झाकल्या जातात. हळू आवाजातही ज्याचे गाणे पुढच्या गाण्यात अलगद मिसळते आणि ऐकणाऱ्याचा पाय आपोआप ताल धरतो, त्याला हे काम जमेल असे समजावे.