मार्का कुणाचा, शोध कुणाचा आणि बेणं कुणाचं?



सोसायटीची नोटीस, बँकेची नोटीस, मोजणीची नोटीस हे प्रकार आपल्या परिचयाचे आहेत. ती आली की काय करायचे, कुणाकडे जायचे, हे गावातले शेंबडे पोरही सांगेल. पण ‘आमच्या मार्क्याची नक्कल केली’, ‘आमच्या पेटंटचा भंग केला’ किंवा ‘आमचे वाण परवानगीशिवाय लावले’ अशी नोटीस आली तर? अशा वेळी भल्याभल्यांची गाळण उडते. समोर मोठी कंपनी, मोठा वकील आणि मागणी लाखा-कोटीची. मग माणूस एक तर कागद कोनाड्यात टाकून गप्प बसतो, नाहीतर घाबरून मिळेल तिथे सही करतो. दोन्ही गोष्टी घातक आहेत.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. आपल्यातले कित्येक सभासद गुऱ्हाळ चालवतात, कोणी गुळाला आणि काकवीला मार्का लावून विकतात, कोणी डोकं चालवून शेतीची अवजारं बनवतात. आणि बेणं तर आपण सगळेच एकमेकांना देतो-घेतो. म्हणून अशा भांडणांत कोर्ट नेमके काय बघते, हे या लेखात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

तीन हक्क, तीन कायदे

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मार्का, शोध आणि वाण या तीन निरनिराळ्या चिजा आहेत. मार्क्यासाठी १९९९ चा ट्रेडमार्क कायदा आहे. त्याखालची नोंदणी दहा वर्षांची असते व फी भरून पुन:पुन्हा वाढवता येते. शोधासाठी १९७० चा पेटंट कायदा आहे. पेटंटची मुदत अर्ज केल्या तारखेपासून वीस वर्षे, पुढे तो शोध सर्वांना मोकळा. आणि पिकाच्या वाणासाठी २००१ चा वनस्पती वाण व शेतकरी हक्क संरक्षण कायदा आहे. नोटीस आली की ती या तिघांपैकी कशाखाली आहे, हे आधी पाहावे. निम्मा घोळ तिथेच मिटतो.

मार्क्याचे भांडण

मार्क्याच्या दाव्यात कोर्टापुढे मुख्य सवाल एकच असतो : साधे गिऱ्हाईक फसेल काय? दोन डबे शेजारी शेजारी ठेवून, चष्मा लावून, अक्षर न् अक्षर ताडून बघणारा माणूस कायद्याला अभिप्रेत नाही. बाजारात घाईत आलेला, नाव अर्धवट आठवणारा, प्रसंगी लिहिता-वाचता न येणारा माणूस कोर्ट डोळ्यांपुढे ठेवते.

‘अमृतधारा’ हे जुने घरगुती औषध पुष्कळांना ठाऊक असेल. दुसऱ्या एकाने ‘लक्ष्मणधारा’ नावाने तसेच औषध काढले व नोंदणी मागितली. १९६२ साली सुप्रीम कोर्टाने सांगितले की, खेड्यातला किंवा शहरातला सामान्य माणूस या दोन नावांत गफलत करील. पण गंमत पुढेच आहे. लक्ष्मणधारा कित्येक वर्षे उत्तर प्रदेशात उघडपणे विकले जात होते आणि अमृतधारावाल्यांनी ते चालू दिले होते. म्हणून कोर्टाने लक्ष्मणधाराची नोंदणी उत्तर प्रदेशापुरती मान्य केली. धडा काय? हक्क असून जो वर्षानुवर्षे बघत बसतो, त्याचा हक्क पातळ होतो.

दुसरे प्रकरण पार्लेच्या ग्लुको बिस्किटांचे. त्यांच्या वेष्टनावर शेतवाडीचे चित्र, मधोमध बादली घेतलेली मुलगी, भोवती गाई-कोंबड्या. म्हैसूरच्या एका कंपनीच्या वेष्टनावरही मुलगी, गाई, कोंबड्या होत्या; फक्त या मुलीच्या डोक्यावर गवताचा भारा होता. खालच्या कोर्टाने आणि हायकोर्टाने फरक मोजले व दावा काढून टाकला. १९७२ साली सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. फरक किती, याला महत्त्व नाही. मनावर उमटणारा एकूण ठसा सारखा आहे की नाही, ते बघायचे, असे कोर्टाने म्हटले. तेव्हा ‘आम्ही रंग थोडा बदललाय, एक अक्षर वेगळं घातलंय’ ही सबब टिकत नाही.

तिसरे प्रकरण गोडाचेच आहे. तमिळनाडूत तिरुनेलवेली येथे ‘इरुट्टुकडै हलवा’ प्रसिद्ध आहे. इरुट्टुकडै म्हणजे अंधारे दुकान. मिणमिणत्या दिव्यातल्या त्या दुकानाला लोकांनीच हे नाव पाडले. पुढे दुसऱ्या व्यापाऱ्याने त्याच नावाआधी गावाचे नाव जोडले आणि नोंदणीच्या जोरावर आपला हक्क सांगितला. २०१५ साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केले की, नोंदणीपेक्षा आधीचा प्रामाणिक वापर वरचढ आहे. नोंदणीचा कागद आहे म्हणून दुसऱ्याने आधी कमावलेली पत कुणाला लाटता येत नाही.

याचा अर्थ नोंदणी करू नये, असा मुळीच नाही. नोंदणी असली की दावा सोपा होतो. ती नसेल तर ‘माझ्या नावावर दुसरा आपला माल खपवतोय’ हे सिद्ध करावे लागते. त्यासाठी किती वर्षे विक्री, कुठे-कुठे विक्री, जाहिरात काय केली, हे सगळे पुराव्यानिशी दाखवावे लागते. जुनी बिले आणि आडतीच्या पट्ट्या रद्दीत घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

दावा चालतो कसा?

नोंदलेल्या मार्क्याचा किंवा पेटंटचा दावा तालुक्याच्या कोर्टात चालत नाही. तो जिल्हा न्यायालयात किंवा त्याहून वरच्या कोर्टात लागतो. तीन लाख वा अधिक रकमेची अशी प्रकरणे २०१५ च्या कायद्याने नेमलेल्या व्यापारी न्यायालयांकडे जातात. तातडीचा हुकूम मागायचा नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थीचा प्रयत्न करणे सक्तीचे आहे.

खरी लढाई मात्र सुरुवातीलाच होते. वादी तात्पुरता मनाई हुकूम मागतो. कोर्ट तीन गोष्टी तोलते. वादीची केस प्रथमदर्शनी खरी दिसते काय? हुकूम दिला तर जास्त नुकसान कुणाचे, आणि न दिला तर कुणाचे? हे नुकसान पुढे पैशांनी भरून येणारे आहे काय? क्वचित प्रतिवादीला न ऐकताही असा हुकूम निघतो. तो निघाला की माल पडून राहतो, गिऱ्हाईक तुटते, आणि निम्मे लोक तिथेच तडजोडीला येतात. म्हणून पहिल्या तारखेला हजर राहणे हे अर्धे काम आहे.

शेवटी वादी जिंकला तर कायमची मनाई, नुकसानभरपाई किंवा प्रतिवादीने कमावलेला नफा, आणि नकली वेष्टने जप्त करून नष्ट करण्याचा हुकूम मिळू शकतो. बनावट मार्का लावणे हा फौजदारी गुन्हाही आहे. त्याला कैद आणि दंड आहे.

२००३ सालापासून या विषयासाठी एक वेगळे अपील मंडळ होते. ते २०२१ साली बंद झाले आणि त्याचे काम उच्च न्यायालयांकडे आले.

पेटंटचे भांडण

पेटंटच्या दाव्यात प्रतिवादीच्या हाती एक मोठे हत्यार असते. ‘मी नक्कल केली नाही’ एवढेच नव्हे, तर ‘मुळात हे पेटंटच देण्याजोगे नव्हते, ते रद्द करा’ असा उलट दावा त्याला करता येतो. तसा दावा केला की प्रकरण जिल्हा न्यायालयातून हायकोर्टात जाते.

उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरच्या भांडीवाल्यांची केस या बाबतीत वाचण्याजोगी आहे. पितळेची भांडी लेथवर घासताना ती घट्ट धरून ठेवण्याच्या साधनाचे एका कारखान्याने १९५१ चे पेटंट मिळवले होते. दुसऱ्याने तसेच साधन वापरले म्हणून दावा झाला. ही पद्धत कारागिरांना आधीपासून माहीत आहे, यात नवे काही नाही, असे प्रतिवादीने मांडले. हायकोर्टात एकदा इकडे, एकदा तिकडे निकाल झाला. अखेर १९७८ साली सुप्रीम कोर्टाने पेटंट रद्द धरले. वर्कशॉपमध्ये कुशल मिस्त्री रोजच्या कामात जी सुधारणा सहज करतो, तिला शोध म्हणता येत नाही, हे त्या निकालाचे सार. आजही कोर्टात तो निकाल दाखवला जातो.

शेतकऱ्याच्या दृष्टीने पेटंट कायद्यातले कलम ३ फार मोलाचे आहे. शेतीची किंवा फळबागेची पद्धत, तसेच झाडे, बियाणे आणि पिकांचे वाण यांना पेटंट मिळत नाही. तेव्हा पट्टा पद्धतीने लागण केली किंवा एक डोळ्याची रोपे लावली म्हणून पेटंटचा दावा होऊ शकत नाही. मात्र ऊसतोडणीचे यंत्र किंवा डोळा काढायचे नवे साधन यांचे पेटंट असू शकते.

बीटी कापसाचा वाद या कलमाभोवतीच फिरला. मोन्सॅन्टो आणि नुझिवीडू या कंपन्यांच्या भांडणात दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठाने एप्रिल २०१८ मध्ये ते पेटंट अवैध ठरवले. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल बाजूला सारला. असा शास्त्रीय प्रश्न तज्ज्ञांचा पुरावा घेऊन, रीतसर सुनावणी करूनच ठरवला पाहिजे, असे सांगून प्रकरण परत पाठवले. पुढे २०२१ साली दोन्ही पक्षांनी आपसात मिटवले. त्यामुळे मूळ प्रश्नाचा त्या दाव्यात अंतिम निकाल लागलाच नाही.

बेण्याचा प्रश्न

आता सर्वांच्या जिव्हाळ्याचा मुद्दा. शेजाऱ्याला बेणे दिले तर गुन्हा होतो काय?

२०१९ साली गुजरातमधल्या साबरकांठा जिल्ह्यातील चार बटाटा उत्पादकांवर पेप्सिको कंपनीने अहमदाबादच्या कोर्टात दावे लावले. वेफर्ससाठी लागणारा एफ एल २०२७ हा बटाटा कंपनीच्या नावे २०१६ साली नोंदलेला होता. तो परवानगीशिवाय लावला म्हणून प्रत्येकी एक कोटी पाच लाख रुपये भरपाई मागितली! कोर्टाने सुरुवातीला तात्पुरती मनाईही दिली. देशभर ओरड झाली, शेतकरी संघटना उभ्या राहिल्या, आणि मे २०१९ मध्ये कंपनीने दावे मागे घेतले.

शेतकऱ्यांचा आधार होता वाण कायद्याचे कलम ३९. या कलमाप्रमाणे शेतकऱ्याला आपल्या शेतात पिकलेला माल, त्यात नोंदलेल्या वाणाचे बियाणेही आले, राखून ठेवता येते, पेरता येते, पुन्हा पेरता येते, देता-घेता येते आणि विकताही येते. अट एकच : त्या वाणाचे नाव छापून, पाकीटबंद करून ‘ब्रँडेड’ बियाणे म्हणून विकायचे नाही. शिवाय वाण संरक्षित आहे हे ठाऊक नसलेल्या शेतकऱ्याला कलम ४२ संरक्षण देते.

पण कथा तिथे संपली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये वाण प्राधिकरणाने अर्जातील चुकीच्या माहितीवरून त्या बटाट्याची नोंदणीच रद्द केली. जुलै २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी तो निर्णय कायम केला, तर जानेवारी २०२४ मध्ये खंडपीठाने तो फिरवून कंपनीच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे नोंदणीच्या लढाईत कंपनीची सरशी झाली. तरीही शेतकऱ्याचे कलम ३९ जागच्या जागी आहे, हे विसरू नये.

उसाच्या वाणांचीही या कायद्याखाली नोंदणी होऊ शकते. पण को ८६०३२ असो वा फुले २६५, आपल्या शेतातले बेणे भावकीत, शेजारी, पाहुण्याला देणे हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज कायद्याने मान्य केला आहे. बेण्याचा, रोपांचा मार्का लावून व्यापार करणाऱ्यांनी मात्र आधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

सभासदांनी काय करावे?

१. नवा मार्का ठरवण्याआधी तो दुसऱ्याच्या नावे नोंदलेला नाही ना, हे तपासावे. मग आपल्या नावे अर्ज करावा. आपल्यासारख्याच नावाचा दुसऱ्याचा अर्ज जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला, तर चार महिन्यांच्या आत हरकत घ्यावी.

२. पहिल्या विक्रीपासूनची बिले, पावत्या, वेष्टनांचे नमुने आणि जाहिराती तारखेनिशी एका फाईलीत ठेवाव्यात.

३. कोणी नक्कल करीत असेल तर ‘बघू पुढे’ म्हणू नये. वेळीच लेखी हरकत घ्यावी.

४. स्वत: एखादे यंत्र शोधून काढले असेल, तर प्रदर्शनात मांडण्याआधी किंवा पेपरात छापून आणण्याआधी पेटंटचा अर्ज करावा. आधी जगजाहीर झालेल्या शोधाचा नवेपणा सामान्यत: संपतो.

५. समन्स आले तर ते घ्यावे. व्यापारी न्यायालयात लेखी म्हणणे तीस दिवसांत द्यायचे असते. कोर्ट फार तर एकशे वीस दिवसांपर्यंत सवलत देते, त्यापुढे नाही.

६. कोणी उगीचच मार्क्याच्या वा पेटंटच्या दाव्याची धमकी देत असेल, तर अशा बिनबुडाच्या धमकीविरुद्ध आपणही कोर्टात जाऊ शकतो. दोन्ही कायद्यांत तशी तरतूद आहे.

वरच्या सगळ्या निकालांतून एक सूत्र दिसते. कोर्ट पुढच्याचा मोठेपणा बघत नाही; आधी कोण, नवे काय आणि फसले कोण, एवढेच बघते. पण ते बघण्यासाठी त्याला कागद लागतो आणि वेळेवर हजर राहिलेला माणूस लागतो. मिर्झापूरचा भांडीवाला जिंकला तो पुराव्यावर. तिरुनेलवेलीचा हलवाई जिंकला तो जुन्या पतीवर. आपल्या मालाची पतही आपणच घाम गाळून कमावली आहे. ती राखायची, तर वजनाच्या पावत्या जशा आपण जपून ठेवतो, तशीच ही कागदपत्रेही जपली पाहिजेत.