स्पॅनिश शिकावी ती मराठीच्या आधाराने

दसरा-दिवाळीच्या सुमारास लातूरच्या बाजार समितीत नवं सोयाबीन येऊ लागतं, आणि भावाच्या गप्पांत अर्जेंटिना हमखास डोकावतो. सोयापेंड आणि सोयातेलाच्या निर्यातीत हा देश जगात पहिला. आपण आयात करतो त्या सोयातेलाचा मोठा वाटाही तिथूनच येतो. पाराना नदीकाठच्या रोसारियो शहराभोवती तेलगिरण्यांची रांगच लागली आहे. तिथे पावसाने ताण दिला किंवा गिरणी कामगार संपावर गेले, की इकडे अडतीवर भाव हलायला वेळ लागत नाही. (शेजारचा ब्राझील सोयाबीन कितीतरी जास्त पिकवतो, पण तिथली भाषा पोर्तुगीज.) रोसारियोची बातमी आधी स्पॅनिशमध्ये छापली जाते, मग इंग्रजीत येते आणि शिळी झाल्यावर मोंढ्यातल्या व्हॉट्सअ‍ॅपवर पोचते.

तरीही नांदेड-लातूरकडे ‘स्पॅनिश शिकतोय’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘त्याचा उपयोग काय?’ नीटच्या शिकवण्यांवर घरदार पणाला लावणाऱ्या भागात तो येणारच. त्याला उत्तर म्हणून वर्ध्याकडच्या पांडुरंग खानखोजे यांचं नाव घेता येईल. गदर चळवळीतले हे क्रांतिकारक १९२४च्या सुमारास मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, मका आणि गव्हाच्या वाणांवर संशोधन केलं आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिलं. २०२२ मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळा बसला. मेक्सिकोच्या शेतकऱ्याला पेरणीतलं काही सांगायचं तर ते त्याच्याच भाषेत सांगावं लागणार, हे उघड आहे.

आता अभ्यासाकडे वळू. पहिलं वर्ष नमस्कार-चमत्कार, आकडे आणि क्रियापदांच्या पाठांतरावर निभावतं. खरी कसोटी मधल्या पातळीवर, म्हणजे युरोपीय मोजमापातल्या बी-वनला लागते. तिथे दोन भूतकाळ समोर येतात आणि इंग्रजीतून शिकणारा गोंधळतो, कारण त्याच्याकडे दोन्हींसाठी बहुधा एकच ‘वेंट’ असतं. मराठी मुलाला मात्र ‘काल आजोळी गेलो’ आणि ‘लहानपणी आजोळी जायचो’ यांतला फरक कुणी शिकवावा लागत नाही. पहिल्या ठिकाणी ‘फुई’, दुसऱ्या ठिकाणी ‘इबा’, झालं. पुढे इच्छा आणि शंका सांगणारी क्रियापदाची वेगळी रूपं येतात, ज्यांना जगभरचे विद्यार्थी घाबरतात. आपण ‘तू यावंस असं मला वाटतं’ म्हणतो तेव्हा ‘येतोस’चं ‘यावंस’ करतोच की! आणि ‘मे गुस्ता एल मांगो’ ही रचना तर ‘मला आंबा आवडतो’चीच. आंबे अनेक झाले की ‘आवडतात’, तसंच तिकडे ‘गुस्तान’.

सगळंच असं सोपं नाही. आपल्या एका ‘आहे’साठी त्यांची ‘सेर’ आणि ‘एस्तार’ ही दोन क्रियापदं आहेत. ‘तो शांत आहे’ म्हणताना स्वभावानेच शांत की आत्तापुरता गप्प, हे आधी ठरवावं लागतं. इथे मराठी मदतीला येत नाही, सरावच हवा. शिवाय पुस्तक स्पेनचं असेल तर अर्जेंटिनात पंचाईत होते. तिथे मित्राला ‘तू’ नव्हे, ‘वोस’ म्हणतात, आणि रस्त्याला ‘काये’ऐवजी ‘काशे’.

संस्कृतीचा पेपर अनेकजण गुणांची भर म्हणून घेतात, पण मला तोच भाग जास्त आवडतो. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला गेलेल्या माणसांसाठी घरोघरी मांडणी होते. त्यांच्या आवडीचे पदार्थ, फोटो, मेणबत्त्या आणि झेंडूच्या फुलांच्या राशी. आपण दसऱ्याला दाराला बांधतो तो झेंडू मुळात मेक्सिकोकडचाच. आपल्या पितृपक्षाच्या नैवेद्याशी नातं जुळतं, फक्त तिथे गाणी आणि रंग जास्त.

शिकायचं कुठे? नांदेडहून हैदराबाद जवळ, आणि तिथल्या इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटीत स्पॅनिशची पदवी घेता येते. पुण्यात विद्यापीठाचा विदेशी भाषा विभाग फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे. घर सोडणं शक्य नसेल तर इग्नूचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम बघावा. परीक्षा द्यायची तर स्पेन सरकारची ‘देले’ द्यावी. तिचं प्रमाणपत्र कायमचं असतं, ‘सिएले’ या दुसऱ्या स्पॅनिश परीक्षेचं पाच वर्षांपुरतं. ‘देले’च्या बी-वनला वाचन-लेखन आणि श्रवण-संभाषण अशा दोन गटांत प्रत्येकी ५० पैकी ३० गुण लागतात, एका गटातली कमाई दुसऱ्यात चालत नाही. आपली मुलं बहुतेक बोलण्याच्या गटातच अडकतात, तेव्हा सराव तिथूनच सुरू करावा.

नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाबाहेरचे श्रेयांक घ्यायला वाव आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने आणि त्याच्या महाविद्यालयांनी त्यात दोन सत्रांची स्पॅनिश ठेवावी, वाणिज्य आणि कृषीच्या मुलांना ती आधी द्यावी, आणि व्याकरण मराठीतून समजावणारं एक पुस्तक आधी लिहून घ्यावं.