लेकीचा निरोप घेतल्यावर, एकटीने

लंडनला लेकीकडे महिनाभर राहिलेल्या अनेक गृहिणी पॅरिस न पाहताच परततात. तिथे तिकीट जावई काढतो, रस्ता नातवंडे दाखवतात. मग एकटीने निघायचा धीर होत नाही. वास्तविक सेंट पँक्रस स्थानकातून सुटणारी युरोस्टार गाडी समुद्राखालच्या बोगद्यातून सुमारे सव्वादोन तासांत पॅरिसला पोहोचवते. मात्र ब्रिटनचा व्हिसा तेथे चालत नाही. शेंगेन व्हिसा भारतातूनच काढून न्यावा. पासपोर्ट तपासणी लंडनलाच होते, म्हणून स्थानकावर लवकर जावे. पॅरिसला उतरताच घड्याळ एक तास पुढे करावे.

पहिल्या संध्याकाळी हॉटेलची खोली खायला उठेल. तेव्हा लेकीला फोन करावा आणि उजेड असेतो सीनच्या काठाने चालून यावे. दुसऱ्या दिवशी मेट्रोचे तिकीट स्वतः काढले, की अर्धी भीती तिथेच सरते.